गळती

दारुखान्यात काचेला भाव नाही.
मुफद्दलभाई लोखंड तोलतो, काच फेकतो.
म्हणून मी शनिवारी दुपारी जातो,
त्याच्या फेकण्याच्या वेळेला.

कालची ही एकविसावी.
तारांच्या खांबावरची. लाइनमन हिला वाटी म्हणायचे.
वाटीच, पण पालथी जन्मलेली;
उताणी ठेवली तर लोळते, एका जागी बसत नाही.
रंग भरतीच्या आधी खाडीला असतो तो.
काचेत दोन बुडबुडे, एक मोठा, एक मोहरीएवढा.
पोटात आटे, सागवानी खुंटीवर पिळून बसवायला.
खालच्या कडेला बारीक दात,
पाणी तिथूनच थेंब थेंब सुटावं,
खांबाकडे वळू नये म्हणून.
एका बाजूचा टवका उडालाय. गलोल असणार.
कुठल्यातरी पोराचा नेम चांगला होता.

शालन विचारते, ह्यांचं करायचं काय?
त्याआधी तीस वर्षं तिचा प्रश्न वेगळा होता :
आज कोर्टात काय झालं?
आणि मी चपला काढता काढता म्हणायचो,
काही नाही.

मी लघुलेखक होतो.
रॉकेल कुणी ओतलं ते सांगताना
एका बाईने पदर सारखा केला.
मी रॉकेल लिहिलं.
पदराला आमच्या लिपीत खूण नाही.

मार्वेहून तरीत बसून मनोरीला गेलो,
पिशवीत सहा वाट्या, जुन्या बनियनांत गुंडाळलेल्या.
जुझे मुर्झेलो, वय चौऱ्याऐंशी,
तार खात्यात सव्वीस वर्षं खांबांवर.
पडवीत बोंबील निवडत होता.
हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले,
मग वाटी उलटी करून
आत करंगळी घातली आणि आटे मोजले.
म्हणाला, ही आपली नव्हे, आपली चिनी मातीची, पांढरी.
ही माझ्या आधीची.

मी म्हटलं, मुर्झेलो,
हिच्या डोक्यावरून काय काय गेलं असेल!
मुलगा झाला. पैसे पाठवा. आई गेली, ताबडतोब निघा.
तो हसला. पुढचे दोनच दात, तेही हसले.
हिला काय त्याचं?
तार धरायची, आत घ्यायचं नाही, एवढंच काम.
हिच्यात उतरलं तर ती खराब,
आम्ही काढून फेकायचो.

बोंबलावर मांजर आली. त्याने चप्पल मारली.

आणि तडकलेली ओळखायची कशी?
दिसत नाही, तो म्हणाला. केसासारखी चीर.
थंडीत, उन्हाळ्यात कुणाला पत्ता लागत नाही,
लाइन चालू राहते.
हवा दमट झाली की झिरपायला लागतं,
खुंटीतून, खांबातून, खाली मातीत.
पलीकडे निम्मा शब्द पोचतो.
मग?
मग चढायचं आणि एकेक वाजवायची.
त्याने नख मारलं. टिंग.
तरीवर येईतो कानात होती.

हे मी शालनला सांगितलं.
कसं कोण जाणे, चपला काढता काढताच सांगितलं,
बोंबलासकट, मांजरीसकट.
ती काही बोलली नाही.
रविवारी तिने रिठ्याच्या पाण्यात सगळ्या बुडवल्या,
पंचावर ओळीने मांडल्या,
आणि बाजारात माठ वाजवून घेते तशी
कान खाली नेऊन नखाने एकेक.
टिंग. टिंग. सोळा वेळा तसंच.
सतराव्यावर, ठक्.

फेकू नकोस, मी म्हटलं.
फेकतंय कोण, ती म्हणाली,
आणि ती वाटी वेगळी ठेवली,
मिठाच्या बरणीशेजारी, तिच्या हाताशी.

मग उरलेल्या चार राहूनच गेल्या.
ओले हात पदराला पुसत ती माझ्यामागे आली,
आणि पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधोमध,
नखाने एकदा वाजवून
तिथे कान लावून उभी राहिली.

हवा दमट होती.